शुक्रवारचं रविवारी

सायकल रोडेलची. तो कायमचा घरी गेला,
जाताना चाळीस रियालला देऊन गेला, हेल्मेट फुकट.
शुक्रवारी पहाटे, ऊन जागं व्हायच्या आत,
सोहारच्या कॉर्निशवर मी तिला चालवत नेली,
बाजारातून नवा बैल आणावा तशी,
दोघंही एकमेकांचा अंदाज घेत.

मासळीबाजारापासून गोल चौकापर्यंत चार किलोमीटर.
जाताना समुद्र उजवीकडे, येताना डावीकडे.
दोनदा पडलो.
एकदा मांजरामुळे,
एकदा कुणी बघत नव्हतं म्हणून.

शनिवारी काहीच नाही.
शनिवारी मी सगळ्यांना सांगत सुटलो:
एक्कावन्नाव्या वर्षी शिकलो, आणि बघा, काहीच नाही.

रविवारी ऑफिस.
पलंगावरून पाय खाली सोडले
तर ते कुणा दुसऱ्याचे.
मांड्यांत ओली वाळू ठासून भरलेली,
पोटऱ्यांत गोळे,
आणि बुडाचं तर नावच काढू नका.
कमोडवर बसायचं म्हणजे
भिंत धरून विहिरीत उतरायचं.
लिफ्ट नेमकी बंद. तीन मजले
मी उलटा उतरलो, शिडी उतरावी तसा.

आई म्हणायची, अंग आंबलंय.
बरोबरच आहे. पीठ भिजवल्या भिजवल्या आंबत नाही,
त्याला रात्र जावी लागते.
इथे आभाळ भरून येत नाही,
पाय भरून येतात.

वृंदा फोनवर नाशिकहून:
मिठाच्या गरम पाण्यात बसा.
म्हटलं, टब नाही.
मग बादलीत एकेक पाय घाला.
तसा उभा राहिलो, बगळ्यासारखा,
फोन बेसिनच्या कडेला टेकवून,
आणि ती हसत होती, डोळे पुसत.
बऱ्याच दिवसांनी एवढं हसली.

संध्याकाळी हेलाल आला, इस्त्रीचे शर्ट घेऊन.
रोज एका हातात हँगर, एका हातात हँडल,
अख्खी वस्ती फिरतो.
मी दार उघडलं खेकड्यासारखा,
आणि त्याने काही विचारलंच नाही.
खाली गेला. पाना मागितला.
सीट दोन बोटं वर घेतली.
एवढी खाली ठेवून चालवता, म्हणाला,
मग गुडघा सरळ कधी व्हायचा?

तुझे नाही दुखत रे?
पहिल्या महिन्यात दुखले, म्हणाला.
मग पाय माझे राहिले नाहीत,
लाँड्रीचे झाले.
शर्टांचे दीड रियाल मोजून घेतले आणि गेला.

ते दीड रियाल का कोण जाणे
रात्रभर डोक्यात वाजत राहिले.
कूस बदलली की मांडी ओरडायची,
आणि मांडी ओरडली की बाळगोंडा आठवायचा.

बाळगोंडाची सायकल काळी, त्याच्या वडिलांची,
त्याचे पाय पेडलला जेमतेम पुरायचे.
मी मागे, कॅरिअरवर,
मांडीवर दोघांची दप्तरं, तोंडात पेरूची फोड.
सहा किलोमीटर जायचे, सहा यायचे.
ओढ्याच्या चढाला तो उभा राहून मारायचा
आणि माझ्या नाकासमोर त्याच्या पोटऱ्या,
धुळीच्या, ताणलेल्या, वर खाली वर खाली.
मला वाटायचं, चढाला
प्रत्येकाच्याच पोटऱ्या अशा होतात.
पाचवी ते दहावी.
उतरून ढकलतो, असं
मी एकदाही म्हणालो नाही.
त्यानेही म्हटलं नाही, उतर.

शुक्रवारचं दुखणं रविवारी येतं,
हे आता कळलं.
काही दुखणी आणखी उशिरा पोहोचतात,
पत्ता बदललेल्या माणसाकडे,
दुसऱ्याच देशात,
तिसऱ्या मजल्यावर,
लिफ्ट बंद असताना.

त्याचा नंबर माझ्याकडे नाही.
गावातल्या कुणाकडे तरी मिळेल.
काय बोलायचं, ते ठरत नाही.
पाय दुखतात का रे, असं
चाळीस वर्षांनी कसं विचारायचं?

मंगळवारी दुखणं थोडं खाली उतरलं,
गुडघ्याच्या मागे जाऊन बसलं.
बुधवारी लिफ्ट सुरू झाली.
मी जिन्याने गेलो.

शुक्रवारी पुन्हा कॉर्निश.
सीट दोन बोटं वर.
चौकाच्या अलीकडे छोटासा चढ आहे,
मागच्या खेपेला जाणवलाही नव्हता.
तिथे मी उभा राहून मारून पाहिली.
कॅरिअर रिकामं.
तरी जड लागलं.